उंटाला सुटलेली थरथर

मित्रांनो, रस्त्याने जाताना ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते असा एखादा जुना ट्रक तुम्हाला दिसला, तर तो बहुधा मीच असेन. माझा रंग मातकट पिवळा आहे, डाव्या दरवाज्याला एक पोचा आहे, आणि मागच्या फळीवर ठसठशीत अक्षरांत 'उंट' असे लिहिले आहे. हे नाव मी मागून घेतलेले नाही. पण एकदा पाठीवर लिहिले गेले की ते निभावून न्यावे लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ठिणग्या, वरून खाली येणारे लोखंडी हात आणि ओल्या रंगाचा वास, एवढेच मला त्यातले आठवते. माझ्यासारखेच दिसणारे माझे भाऊ रांगेत उभे होते आणि आपणच सर्वांत देखणे आहोत असे प्रत्येकाला वाटत होते. मला शहरात मिरवायला पाठवतील अशी माझी समजूत होती. मला पाठवले डोंगरात, विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या टोळीकडे.

ती माझ्या उमेदीची वर्षे. पाठीवर शिड्या, तारांची भेंडोळी आणि त्यांवर बसून वाद घालणारी माणसे घेऊन मी चढ चढत असे. वादळ आले की सगळे जग घरात शिरायचे आणि आम्ही बाहेर पडायचो. एखाद्या वस्तीत पुन्हा दिवे लागले की कुणीतरी जाता जाता माझ्या बॉनेटवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "खमका आहे हा गडी." ट्रकला याहून अधिक काय हवे असते?

पुढे नवे ट्रक आले. मला एका आवारात नेऊन लावले आणि किल्ली काढून घेतली. निरोप म्हणून तेवढेच. मग त्या आवारातल्या कोंबड्यांनी माझी नेमणूक परस्पर बदलून टाकली. ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंडी घालू लागली. कोंबडा स्टीअरिंगवर बसून आरवत असे, आणि त्याची मान अशी काही ताठ असे की गाडी आपणच चालवतो अशी त्याची खात्री झाली असावी. मी डोंगर चढलेला ट्रक आहे, हे तिथे कुणाला सांगणार?

अशा अवस्थेत मला गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिले. खरे तर त्या कोंबड्यांना लस टोचायला आल्या होत्या. एक कोंबडी पळत माझ्याखाली शिरली, तिच्यामागे त्या शिरल्या, आणि बाहेर आल्यावर त्यांनी राखणदाराला विचारले, "हा चालतो का?"

"कोण, कोंबडा?" राखणदार म्हणाला.

"ट्रक."

राखणदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी आजच तिथे उगवलो होतो. "चालत असेल. कुणी विचारलंच नाही त्याला."

डॉक्टरीणबाईंनी विचारले. माझी सीट धुतली, तेल बदलले, बॅटरी घातली, आणि मी पहिल्या झटक्यात नाही तरी चौथ्या-पाचव्या झटक्यात चालू झालो. मी पुन्हा डोंगरात आलो. या खेपेला पाठीवर शिड्यांऐवजी पाय मोडलेल्या शेळ्या आणि पोट फुगलेली वासरे असायची. शेळ्या तारवाल्यांपेक्षा बऱ्या. त्या वाद घालत नाहीत.

डॉक्टरीणबाईंच्या घरी आणखी दोन माणसे होती. एक त्यांचे पती. ते दुकानांच्या पाट्या रंगवत, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणत, घरातलेही. दुसरे सासरे, आप्पा. आप्पांनी आयुष्यभर बस चालवली होती. निवृत्त झाले तरी त्यांचे पाय जेवताना टेबलाखाली क्लच दाबत असत. सूनबाई गाडी चालवायला बसल्या की आप्पा शेजारी बसत आणि त्यांच्या वाटचा ब्रेक आपल्या पायाने हवेत मारत.

माझ्या दुखण्याची सुरुवात झाली ती पेंटरांच्या प्रेमातून. त्यांचा माझ्यावर फार जीव. पण त्यांचा धंदा असा की कोणतीही गोष्ट लांबून उठून दिसली नाही तर त्यांना चैन पडत नाही. मी त्यांना ठेंगणा वाटू लागलो. त्यांनी कुठून कुठून सामान जमवले, गावातल्या मेकॅनिकच्या, म्हणजे वस्तादांच्या, गॅरेजमधून पाने आणि जॅक उसने आणले आणि अंगणात मला उचलून ठेवले. जुन्या स्प्रिंगा काढून उंच स्प्रिंगा घातल्या. आप्पांच्या कमरेला लागतील एवढाले टायर बसवले.

"आता ओढ्यातून जाताना तुला पाणी लागणार नाही," पेंटर बायकोला म्हणाले.

"तुला तो फक्त उंच हवाय."

"दोन्ही."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे खालून वर बघत राहिल्या. "उंट झालाय नुसता," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला 'उंट' माझ्या मागच्या फळीवर रंगवलेला होता.

मला उंची आवडली, हे मी लपवणार नाही. लोकांच्या भिंतींपलीकडे काय वाळत घातले आहे ते दिसू लागले. पण उंच होताना माझ्या पोटाखाली एक गोष्ट नीट बसली नव्हती. ती काय हे मला ठाऊक होते. सांगता येत नव्हते, एवढीच अडचण.

एके दिवशी आम्ही नदीवरच्या पुलावरून येत होतो. पुलाच्या मधोमध दोन भाग जोडले आहेत तिथे एक फट आहे. त्या फटीवरून माझी पुढची चाके गेली आणि मला थरथर सुटली.

मित्रांनो, थरथर हा शब्द तोकडा आहे. माझी पुढची दोन्ही चाके आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे अशी झटके देऊ लागली की जणू त्यांना मी नकोसाच झालो होतो. स्टीअरिंग आपले आपण फिरू लागले. आरशांत रस्त्याऐवजी नुसते पांढरे पट्टे दिसू लागले. औषधांच्या बाटल्या खणखणू लागल्या आणि आप्पा काहीतरी बोलत होते त्याचे तुकडे तुकडे झाले. डॉक्टरीणबाईंनी एकदम ब्रेक मारला नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टीअरिंग हलक्या हाताने सांभाळले आणि मला कडेला आणत आणत थांबवले. मी जवळजवळ थांबलो तेव्हाच थरथर थांबली.

मागे पायाला पट्टी बांधलेली एक शेळी होती. ती रवंथ करत होती.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "स्टीअरिंग असं आवळून धरायचं नसतं."

"मी आवळलं नव्हतं, आप्पा."

"मग सैल धरलं असशील."

तेव्हापासून घरात माझ्या दुखण्यावर रोज चर्चा होऊ लागली. पेंटर म्हणाले, रस्ता खराब आहे. आप्पा म्हणाले, रस्ता तोच आहे, हात बदलले. डॉक्टरीणबाईंनी मला वस्तादांकडे नेले. वस्तादांचा हात चांगला, पण प्रत्येक दुखण्याचे मूळ त्यांना टायरमध्येच सापडे. इंजिन तापले तरी ते आधी टायरला लाथ मारून पाहत.

"बॅलन्सिंग," त्यांनी निदान केले. माझी चाके काढून मशीनवर फिरवली, शिशाचे तुकडे ठोकले आणि गॅरेजसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर मला सावकाश फिरवून आणले. मी निमूट चाललो. सावकाश चालताना मला काही होतच नव्हते.

"बघा मॅडम, गेला आजार," वस्ताद म्हणाले.

पुढच्याच फेरीला पुलावर आजार परत आला. मग आप्पांनी जाहीर केले की आता ते स्वतः चालवून दाखवणार.

ते वर चढून बसले. आरसा आपल्याला हवा तसा करून घेतला. गावातून निघालो तेव्हा ते शेजारी बसलेल्या सुनेला सांगत होते, "बघ, दोन बोटांत कसं राहतं. गाडीशी भांडायचं नसतं. मी बस चालवायचो तेव्हा शेवटच्या सीटवरची बाई स्वेटर विणायची आणि तिचा टाका कधी—"

तो टाका काय झाला ते कुणालाच कळले नाही. फट आली होती. आप्पांचा चष्मा आधी नाकाच्या टोकावर आला, मग मांडीवर, मग पायांत. स्टीअरिंगने त्यांची दोन बोटे झटकून टाकली. त्यांनी दोन्ही हातांनी ते पकडले, आवळले, सैल सोडले, पुन्हा आवळले. अखेर मी पुलाच्या टोकाला थांबलो.

आप्पा मग खाली उतरले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "रस्त्यात काहीतरी पडलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा शोधून त्यांच्या हातात दिला आणि चकार शब्द काढला नाही. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर आप्पांना बरे वाटले असते. त्या संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडले नाही. अंगणात माझ्यासमोर खुर्ची टाकून ते आपल्या हातांकडे बघत बसले होते. हात अजून थरथरत होते. इतकी वर्षे ज्या हातांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता, त्यांच्याबद्दलच आता त्यांना शंका येत होती. माझे दुखणे त्यांनी आपल्या वयाच्या खात्यावर मांडले होते. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. दुखत होते मला, आणि म्हातारे होत होते आप्पा.

मग पेंटरांनी एक उपाय आणला. स्टीअरिंगचे झटके गिळणारी एक जाड नळी असते, तिला डॅम्पर म्हणतात. मला आधीपासून एक साधी होती. पेंटरांनी तिच्या जागी दांडगी, लालभडक नळी बसवली. आणि काय सांगू, थरथर थांबली. पुलाची फट आली आणि गेली. पेंटर दोन आठवडे असे चालत होते की त्यांनाच उंच स्प्रिंगा बसवल्या असाव्यात.

मला मात्र काही बरे वाटत नव्हते. दुखणे जिथल्या तिथेच होते. माझ्या तोंडात बोळा कोंबला होता, एवढेच.

एका सकाळी वरच्या वस्तीतून निरोप आला. गाय अडली आहे, वासराचा एकच पाय बाहेर दिसतो आहे, लवकर या. डॉक्टरीणबाई निघाल्या, मदतीला पेंटर सोबत आले. घाटमाथा ओलांडून आम्ही उतारावर लागलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. एका खड्ड्यात माझे डावे चाक आपटले, लाल नळीने जेवढे गिळता येईल तेवढे गिळले, आणि मग तिनेही हात टेकले. कोंडून ठेवलेली सगळी थरथर एकदम बाहेर पडली. मी दरीच्या बाजूला सरकत गेलो. डॉक्टरीणबाई मला सावरत होत्या. खडीवर चाके घासली आणि मी थांबलो तेव्हा पेंटरांच्या बाजूचा दरवाजा उघडायला खाली जमीन नव्हती.

डॉक्टरीणबाई आपल्या बाजूने उतरल्या, पिशवी घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तू या दारातून ये, हळू ये, आणि याच्या चाकांना दगड लाव." मग त्या वस्तीच्या दिशेने पळत सुटल्या. मागाहून कळले, त्यांनी वासराचा आत दुमडलेला पाय हाताने सरळ केला आणि ते जिवंत जन्मले. जरा उशीर झाला असता तर गायही गेली असती.

पेंटर माझ्याशेजारी दगडावर बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्याला रंग उरला नव्हता.

मला सावकाश चालवत घरी आणल्यावर ते म्हणाले, "विकून टाकू. भंगारात देऊ. मला नको हा."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याने हातोडीने माझ्या अंगावर इथे तिथे टकटक केली. माणसे कलिंगड पारखतात तशी. तो माझे इंजिन वेगळे, दरवाजे वेगळे आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी मोजत होता. आपल्यासमोर आपली वाटणी होताना ऐकणे फार कठीण असते.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी मी त्याला एकदा तपासते."

"तू जनावरांची डॉक्टर आहेस," पेंटर म्हणाले.

"मग? माझाही पेशंट बोलत नाही."

मला पुन्हा वस्तादांकडे नेले, या वेळी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. पेंटर आणि आप्पाही आले. वस्तादांनी मला जॅकवर चढवले, चाके हवेत घेतली आणि धरून हलवली. बेअरिंग ठीक होते. जोड ठीक होते. "टायरच बदलून बघू," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वस्ताद, त्याला खाली ठेवा."

"खाली काय दिसणार, मॅडम?"

"गाय लंगडत असेल आणि तिला आडवं पाडून पाय तपासला, तर कधी कधी काही सापडत नाही. ती उभी राहते, पायावर वजन टाकते, तेव्हा कुठे चुकतंय ते कळतं. हा थरथरतो तो स्वतःच्या पायांवर असताना. आपण त्याला हवेत लटकवून तपासतोय."

वस्तादांनी जॅक खाली घेतला. "हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी जमिनीवर एक गोणपाट अंथरले आणि टॉर्च घेऊन डॉक्टरीणबाईंच्या आधी स्वतः माझ्याखाली शिरले.

"आप्पा, तुम्ही वर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजिन चालू ठेवा. हँडब्रेक लावा."

"मी?" आप्पांचे हात खिशांत होते. पुलावरच्या त्या दिवसानंतर त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नव्हता.

"दुसऱ्या कुणाला इतकं हळू फिरवता येणार नाही. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, परत परत. मी थांबा म्हणेपर्यंत."

आप्पा वर चढले. त्यांनी स्टीअरिंग फिरवायला सुरुवात केली. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. इतक्या बेताने की त्या स्वेटर विणणाऱ्या बाईचा एकही टाका सुटला नसता. खाली डॉक्टरीणबाई माझ्या एकेका जोडावर तळहात ठेवत होत्या. सवयीने पुटपुटतही होत्या, "इथे दुखतं का रे? इथे? बरं, इथे?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडलो असतो.

माझ्या चासीपासून पुढची दोन चाके जोडणाऱ्या अॅक्सलपर्यंत एक आडवा दांडा जातो. अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणे, एवढेच त्याचे काम. डॉक्टरीणबाईंचा हात त्या दांड्याच्या वरच्या टोकाशी आला, जिथे तो चासीला बोल्टने जोडला आहे.

टक.

"आप्पा, पुन्हा."

टक.

"वस्ताद, इथे हात ठेवा."

वस्तादांनी हात ठेवला. आप्पांनी स्टीअरिंग फिरवले. अॅक्सल एवढासा सरकला, दांडा हलला आणि बोल्ट आपल्या भोकात डोलला. "अरेच्चा," वस्ताद म्हणाले. त्यांनी बोल्ट काढला. गोल भोकाचे घासून घासून अंडे झाले होते, आणि बोल्ट त्या भोकाच्या मानाने चांगलाच बारीक होता. रस्त्यावरचा एक धक्का बसला की दांडा त्या मोकळ्या जागेत हिसकला जाई, त्याच्यामागे अॅक्सल, अॅक्सलमागे चाके, आणि मग कुणालाच थांबता येत नसे.

वस्ताद बाहेर आले आणि त्यांनी बोल्ट उजेडात धरला. "हा कुणी घातला?"

पेंटर समोरच्या दुकानाची पाटी निरखून पाहत होते. "तो बसत होता," ते म्हणाले.

"बसत होता म्हणजे?"

"आत जात होता."

"पेंटर, यात बोटसुद्धा जाईल. आणि घट्ट कधी केलात?"

"तेव्हाच. हा जॅकवर होता तेव्हा."

"खाली उतरवल्यावर पुन्हा पाना लावला?"

पेंटर मग सावकाश म्हणाले, "नाही. रंग ओला होता. मला 'उंट'ची पाटी पूर्ण करायची होती." ते बायकोकडे वळले. "त्या दिवशी उतारावर तू नसतीस तर..." डॉक्टरीणबाईंनी ग्रीसने माखलेला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. शर्ट पांढरा होता, पण पेंटरांनी हूं का चूं केले नाही.

आप्पा इंजिन बंद करून खाली उतरले आणि सुनेसमोर येऊन उभे राहिले. "पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, तू आवळून धरतेस."

"हो."

"नव्हतीस धरत."

"सैलही नव्हतं धरलं, आप्पा."

"तेही नाही," आप्पा म्हणाले. मग त्यांनी आपले हात पुढे धरून पाहिले. ते अगदी स्थिर होते.

वस्तादांनी भोकाच्या जागी जाड पत्रा वेल्डिंग करून नेमके भोक पाडले, मापाचा बोल्ट घातला आणि मी माझ्या चारी चाकांवर उभा असताना तो आवळला. उंच केल्यामुळे माझ्या पुढच्या चाकांचा कल बिघडला होता, तोही जुळवला. पुलावर चाचणीला निघण्याआधी डॉक्टरीणबाईंनी लाल नळी सोडवायला लावली. "ती लक्षणं झाकते. आज मला काही झाकायचं नाहीये," त्या म्हणाल्या.

चौघे एका ओळीत दाटीवाटीने बसले. स्टीअरिंगवर डॉक्टरीणबाई होत्या. फट आली. खडक् असा आवाज झाला आणि मी सरळ पुढे गेलो.

"परत एकदा," वस्ताद म्हणाले. मग आप्पा म्हणाले, परत एकदा. मग पेंटर. आमच्या इतक्या येरझाऱ्या झाल्या की पुलावरचा वाहतूक पोलीस आम्हाला थांबवून विचारू लागला, "काही हरवलंय का?"

"थरथर हरवली आहे," आप्पांनी खिडकीतून सांगितले. "खरंच गेली ना, ते बघतोय."

त्याला बरीच वर्षे झाली. आता पेंटर दर महिन्याला पाना घेऊन माझ्याखाली शिरतात आणि बाहेर येताना त्यांचे केस ग्रीसने चिकटलेले असतात. परवा एका गोठ्यासमोर एक माणूस आप्पांना म्हणाला, "हे धूड तुम्हीच चालवत असाल. जन्मभर बस चालवलेला माणूस." आप्पा म्हणाले, "मी शेजारी बसतो. चालवते सूनबाई. मला विचाराल तर तिच्यासारखा हात मी पाहिला नाही."

तर मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आमच्या उंचीचे, रंगाचे कौतुक जरूर करा. आम्हालाही ते आवडते. पण कुणाला थरथर सुटली तर लगेच चालवणाऱ्याच्या हातांवर ठपका ठेवू नका, आणि नुसती थरथर दाबून समाधानही मानू नका. आम्हाला आमच्या पायांवर उभे करा आणि खाली वाकून बघा. वाकताना कंबर जरा कुरकुरेल. पण आम्हाला बोलता येत नाही, आणि तुम्हाला वाकता येते.